सीटकव्हर काका आणि आमची नवी टीम

सीटकव्हर काकांनी आमच्यासाठी कधी टाळी वाजवली नाही. आमच्या क्लबच्या मुलींची बेसबॉलची एकही मॅच त्यांनी चुकवली नाही, आणि एकाही मॅचला आमच्याबद्दल बरा शब्द काढला नाही. कुणी चेंडू पार कुंपणापलीकडे मारला, की सगळे उड्या मारायचे आणि काका पॅन्टवरची धूळ झटकत म्हणायचे, "डोये मिटून मारला, लागला." कुणी आडवी झेप घेऊन झेल पकडला, तर ती आधीच जागेवर उभी असती तर झेप घ्यायची वेळच आली नसती, असं शेजारच्याला ऐकवायचे. बहुतेक वेळा त्यांचं खरं असायचं. म्हणून तर जास्त राग यायचा.

नागपूरच्या महाल भागात त्यांचं दुचाकीच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गुंडाळे आणि गिऱ्हाइकाला उभं राहण्यापुरती जागा. बेसबॉलशी त्यांचा संबंध आला तो आमच्या फाटक्या चेंडूंमुळे. क्लबकडे नवे चेंडू घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आमची कॅचर एकदा पिशवीभर उसवलेले चेंडू त्यांच्याकडे घेऊन गेली. काकांनी एक चेंडू पूर्ण उकलला, टाके मोजले, आणि एकशे आठ भरल्यावर तिला विचारलं, "जपमाळ आणली का वं माह्याकडे?" चेंडू मात्र असे शिवून दिले की नव्यापेक्षा बरे चालले. मग इतक्या मेहनतीचं काम कोण फाडतंय ते बघायला म्हणून रविवारी ग्राउंडवर आले, आणि पुढे येतच राहिले.

खेळाचा नियम त्यांना कुणी शिकवला नाही. नुसतं बघून बघून त्यांनी सगळा खेळ पाठ केला, आणि तिसऱ्या महिन्यात अंपायरच्या चुका काढायला लागले. आम्ही तेव्हा हरायचोच. हरण्यात आमचा हात धरणारा क्लब नागपुरात नव्हता. काकांचं म्हणणं असं, की हरायलाही समोरच्याला थोडं काम करू द्यावं लागतं. "तुम्ही हरत नाही वं," ते म्हणायचे, "तुम्ही मॅच थ्यायच्या घरी नेऊन देता." मी त्या टीमची एक पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माझ्याइतकं जोरात कुणी फेकत नाही, असं मला वाटायचं. काकांना विचारलं तर म्हणाले, फेकते जोरात, पण कुठं फेकते ते तिलेबी मालूम नाही.

तर अशा टीमची 'नव्याने उभारणी' करायचं आमच्या सेक्रेटरी साहेबांनी मनावर घेतलं. हा माणूस पक्का फोकनाड्या, नुसत्या बाता मारणारा. खेळाचा गंध नाही, पण भाषण करायला उठला की खाली बसवायला माणूस लागे. तर्री-पोह्यांच्या प्लेटी वाटून मीटिंग घेतली आणि तीन वर्षांत आपला क्लब देशात पहिला येणार, असं जाहीर करून टाकलं. पाठोपाठ पाच जुन्या मुलींना नारळ दिला. का, तर त्यांचं वय झालं. सव्वीस वर्षांच्या मुलींचं वय झालं म्हणे! त्या पाचांत माझ्याबरोबरच्या दोन पिचर होत्या, हे साहेबांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं. मी खूश होते, कारण आता प्रत्येक मॅच मीच फेकणार होते.

त्यांच्या जागी साहेबांनी टेनिस बॉल क्रिकेट खेळणाऱ्या मुली आणल्या, कुणी कळमेश्वरची, कुणी कन्हानची. चेंडू लांब मारता येतो ना, झालं तर मग, हा साहेबांचा हिशेब. आता बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं आणि बेसवर पाय टेकवायचा असतो. या बायांना जन्मापासून क्रिकेटची सवय. कन्हानच्या रोशनीने पहिल्याच मॅचमध्ये सणसणीत चेंडू मारला, बॅट घेऊन पळत सुटली, आणि बेस दोन हात लांब असताना वाकून बॅटचं टोक बेसला टेकवून उभी राहिली. समोरच्या मुलीने निवांत येऊन तिला चेंडू लावला. अंपायर बाद देतोय आणि ही त्याच्याशी भांडतेय, की माझी बॅट तर आत होती. मग चूक कळल्यावर सगळ्यांत जास्त तीच हसली. मोठी गोड मुलगी. त्या दिवशी तीन जणी अशाच बाद झाल्या आणि साहेब लांब उभे राहून प्रेक्षकांना सांगत होते, की आत्मविश्वास बघा पोरींचा.

काकांची मतं त्या दिवसापासून जास्तच धारदार झाली. ते म्हणाले, "हे टीम उभी करून राहिले का लग्नाचा मांडव? उद्या सकाळी बांबू मोजाले येतीन." नव्या जर्सीवर त्यांचं मत असं, की कापड चांगलं आहे, आतला माल बदला. साहेबांबद्दल तर ते 'भैताड', म्हणजे बिनडोक, या एका शब्दात बोलायचे आणि साहेब समोर असले तरी आवाज खाली करायचे नाहीत. साहेबही मागे नव्हते. रेक्झिन शिवणाऱ्याने आपल्याला खेळ शिकवू नये, असं ते आम्हाला ऐकवायचे, आणि आम्ही माना डोलवायचो. मी जरा जास्तच डोलवायचे.

कारण आता मी साहेबांची लाडकी होते. क्लबचं भविष्य म्हणून माझा फोटो फ्लेक्सवर लागला होता, साहेबांच्या फोटोपेक्षा थोडा लहान. राज्याच्या संघात निवड झाली, की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची वाट मोकळी होणार होती, आणि आमच्या घरात तोवर कुणाला पक्की नोकरी लागली नव्हती. मला फक्त ती निवड दिसत होती. काका एकदा फ्लेक्सखाली उभे राहून म्हणाले, "सारा क्लब हिच्या हातावर टेकवून राहिले. हात हाय का खांब?" मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, की तुम्ही तुमच्या सीटा शिवा. ते चिडले नाहीत. माझ्या हाताकडे बघत राहिले, त्याचाच मला जास्त संताप आला.

त्याच सुमारास त्यांनी एक नवीन थेर सुरू केलं. काळ्या रेक्झिनचा तुकडा आणि खडू घेऊन यायचे, आणि मी चेंडू फेकला की तुकड्यावर एक रेघ ओढायचे. आम्हाला वाटलं, म्हातारा माझ्या चुका मोजतोय. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून फेकायचे. माझी मॅच संपली की ते रेघांवर बोट फिरवत काहीतरी पुटपुटायचे आणि न बोलता निघून जायचे. काकांचं न बोलता जाणं विचित्र होतं, पण ते आमच्या डोक्यात आलं नाही.

विभागाच्या स्पर्धेत आम्ही कधी नव्हे ते फायनलला गेलो. तीन दिवसांत चार मॅच, चारही मीच फेकत होते. कोपर तीन आठवड्यांपासून दुखत होतं. सकाळी वेणी घालायला उजवा हात डोक्यापर्यंत जायचा नाही. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. फायनलला निवड समितीचे दोघे खुर्च्या टाकून बसले होते. शेवटची इनिंग, आम्ही एका धावेने पुढे, समोरच्यांच्या दोघी बाद करायच्या बाकी. मी चेंडू फेकला आणि कोपरात असं काही झालं, की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं.

डोकं वर काढते तर काका मैदानात. इतक्या वर्षांत त्यांनी कधी चुन्याची रेघ ओलांडली नव्हती. सरळ माझ्याकडे आले, माझ्या ग्लोव्हमधला चेंडू काढून खिशात घातला, आणि मी उभी होते त्या उंचवट्यावर मांडी घालून बसले. अंपायर धावत आले, साहेब धावत आले. काकांनी रेक्झिनचा तुकडा साहेबांच्या पुढे धरला. तिन्ही दिवसांच्या रेघा होत्या त्यावर, काळं रेक्झिन पांढरं झालं होतं. आजच्याच शंभराच्या वर गेल्यात, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "तीन दिवसांपासून चहाचा कप डाव्या हातात धरून राहिली पोट्टी. दुसरी कोनी फेकत असन तं मी आत्ता उठतो."

दुसरी होतीच कुठे? दुसऱ्या दोघींना नारळ देऊन साहेब मोकळे झाले होते. ते म्हणाले, हीच फेकेल. आणि मीही म्हणाले, मीच फेकणार. अंपायरनी घड्याळ बघून पाच मिनिटं दिली. सत्तरीच्या माणसाला उचलून बाहेर नेण्याची कुणाची छाती झाली नाही, आणि काका पाच मिनिटं जागचे हलले नाहीत. मॅच समोरच्यांना देण्यात आली. निवड समितीचे दोघे खुर्च्यांवरून उठले आणि चहा प्यायला गेले. मी काकांना जे बोलले, ते माझ्या आईने ऐकलं असतं तर माझ्या थोबाडीत दिली असती. तुम्ही मेलात तर बरं होईल, हेसुद्धा बोलले. त्यांनी खिशातला चेंडू काढून अंपायरच्या हातात दिला आणि रेघ ओलांडून बाहेर गेले.

काकांना ग्राउंडवर कायमची बंदी घालायचा ठराव साहेबांनी केला. त्याला खेळाडूची लेखी तक्रार लागत होती. अर्ज साहेबांनीच लिहून आणला, मी सही केली. डाव्या हाताने केली, कारण उजव्या हातात पेन धरवत नव्हतं. हे लिहिताना आजही मला माझी किळस येते. अक्कल नावाची गोष्ट माझ्याजवळ असती, तर त्या वेड्यावाकड्या सहीकडे बघूनच ती ठिकाणावर आली असती.

आठवड्याभराने नळाची तोटी फिरवता येईना, तेव्हा डॉक्टरकडे गेले. कोपरातलं लिगामेंट अर्धं फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी थांबलीस म्हणून वाचलीस, आणखी दहा-वीस फेकले असतेस तर हात कामातून गेला असता. आठ महिने हात गळ्यात आणि औषधं पोटात. या आठ महिन्यांत महालात जाऊन दोन शब्द बोलायला मला वेळ मिळाला नाही. वेळ भरपूर होता, तोंड नव्हतं.

तिकडे साहेबांना नवं भविष्य हवं होतं. फ्लेक्सवरून मला काढलं आणि रोशनीला चढवलं. तिचा खांदा मजबूत, फेकते सुसाट, मग काय विचारता. पुढच्या हंगामात तीच प्रत्येक मॅच फेकत होती. कुंपणापाशी रेघा ओढणारं कुणी नव्हतं आणि मैदानात येऊन बसणारंही कुणी नव्हतं. एका मॅचमध्ये चेंडू हातातून सुटला आणि ती ओरडून खाली बसली, एवढंच मला कुणीतरी फोनवर सांगितलं. दोन ऑपरेशनं झाली. तिचा उजवा हात आज खांद्याच्या वर जात नाही. साहेबांच्या नव्या उभारणीचं पुढे काय झालं, असं कुणी विचारलं तर सांगते, की ते आता दुसऱ्या कुठल्यातरी खेळाची टीम उभारत आहेत.

काका मागच्या उन्हाळ्यात गेले. मला दहाव्याच्या दिवशी कळलं. पण त्याआधी, रोशनीचं कळल्यावर, एकदा मी दुकानात गेले होते. सगळी तयारी करून गेले होते, पाया पडायचं, माफी मागायची, ते बोलतील ते ऐकून घ्यायचं. ते एका मोपेडचं सीट शिवत होते. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि माझी तयारी तोंडात असतानाच म्हणाले, "हात वर कर."

मी केला.

"पुरा कर."

पुरा केला, कानाला दंड टेकेपर्यंत. त्यांनी मान हलवली. मग मशीनवरचं कापड सरळ करत विचारलं, "अन् कन्हानच्या पोरीचा?"

मी हात खाली घेतला. त्यांना ठाऊक होतंच. समोरच्या टपरीवरून त्यांनी चहा मागवला आणि मी तो पीत बसले. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी वाट बघत होते. हा माणूस मला सुटलेल्या झेलासाठी, वाकड्या पडलेल्या चेंडूसाठी, चुकीच्या बुटांसाठी घालून पाडून बोलला होता. त्या अर्जावरची सही त्यांनी बघितली असणार, बंदीच्या पत्राला ती जोडलेली होती. त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. सीट शिवून संपलं, गिऱ्हाईक घेऊन गेलं, तरी नाही. मी उठले तेव्हा त्यांनी पुन्हा मान वर केली.

"मले तं आत येऊ देत नाही थे," ते म्हणाले. "तुले कोन अडवते? तू जाऊन बसत जा."

मी रविवारी गेले. क्लबच्या नव्या टीमची एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी चेंडू फेकत होती. मी कुंपणापाशी बसले आणि मोजायला लागले.