हालिनाबाईंच्या शेजारची खुर्ची

शेपू निवडताना वास हाताला लागला आणि शिकागोतल्या चर्चचं तळघर आठवलं. तिथे मी पोलिश बायकांना इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या कोटांना शेपूच्या सूपचा वास यायचा.

एके दिवशी तुलनेचा धडा चालू होता. "शेजारच्यापेक्षा कोण उंच?" मी विचारलं.

विधवा हालिनाबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची माझी पर्स अलगद उचलून मला दिली. "त्याला जागा पुरत नाही," त्या म्हणाल्या. मग मान वर करून पाहिलं. "माझा नवरा माझ्यापेक्षा उंच आहे."

कोणीच हसलं नाही. मी पर्स मांडीवर घेतली.

आज लेक जेवायला आली आणि तिनं बॅग टाकली ती नेमकी अरुणच्या खुर्चीवर. माझा नवरा जाऊन वर्ष होत आलंय. मी बॅग उचलली.

"मॉम, इट्स एम्प्टी."

मी मान वर करून पाहिलं.