मुकादमकाकांची रेघ

नगरपालिकेची हद्द मी एकदा रांगोळीने बदलली, तीही हळदकुंकू वाहून. सातवीत होते. अक्कल निघाली असावी, पण अजून वाटेतच होती.

ती हद्द आखली होती मुकादमकाकांनी. भोरच्या बाजारात त्यांना चुन्याच्या पाटीशिवाय कुणी पाहिलं नाही. भाजीवाल्यांनी कुठं बसायचं, बैलगाड्या कुठं सोडायच्या, सगळं रेघ ओढून. म्हणायचे, "नियम डोळ्याला दिसला पायजे. कागदावरचा सायबाला दिसतो, म्हशीला न्हाई."

तेव्हा फळीला जुनी बेअरिंगं ठोकून आम्ही गाडे करायचो आणि शाळेपासून थेट बाजारापर्यंत उतारावरून खडखडत यायचो. नगरपालिकेचे साहेब बंदीच घालणार होते. काकांनी रदबदली करून वरचा अर्धा उतार आम्हाला मिळवून दिला आणि खाली रेघ ओढली. "हितं थांबायचं. म्होरं बाजार हाय."

मला अर्धा उतार पुरेना. आठवडे बाजाराच्या सकाळी मी ती रेघ पायाने पुसली आणि पन्नास पावलं खाली रांगोळीने नवी ओढली. रांगोळी बोडकी ठेवू नये ही आईची शिकवण, म्हणून दोन्ही टोकांना हळदकुंकूही वाहिलं. एवढी संस्कारी गुन्हेगार भोरने पुन्हा पाहिली नसेल.

गाडा काही रेघेवर थांबला नाही. तो मार्गासनीच्या मावशींच्या कोथिंबिरीत थांबला.

"गिऱ्हाइकं लई बघितली," मावशी ओरडल्या, "पर थेट पाटीत बसनारं ह्येच पयलं!"

गलका ऐकून साहेब आले आणि काकांवरच भडकले. "रेघ इथवर कुणी आणली?"

काकांनी रेघ पाहिली, कुंकू पाहिलं, मग माझी पिवळी बोटं पाहिली.

"म्याच, सायब."

"आणि हे हळदकुंकू?"

"नवी रेघ हाय. म्हनलं, पूजा करावी."

दुसऱ्याच दिवशी त्यांना जकात नाक्यावर धाडलं. अख्खा बाजार पायाखाली घालणारा माणूस स्टुलावर बसला. उतार मात्र आमचा राहिला.

चार दिवस मला जेवण गोड लागेना. शेवटी नाक्यावर गेले आणि रडत म्हणाले, "काका, मी साहेबांना खरं सांगून टाकते."

तंबाखू मळता मळता काका म्हणाले, "गप बस. सांगशील तर उतार जाईल समद्यांचा. आन पोरी, येवडी सरळ रेघ म्या जल्मात वढली नव्हती. एकदा माज्या नावावर लागलीया, ती ऱ्हाऊ दे."