शिट्टीवाली मुराळी

देवाने पाणी निर्माण केलं ते आमच्या मामेसासूबाईंना त्यावर लक्ष ठेवता यावं म्हणूनच, अशी माझी पक्की समजूत आहे. जळगावात आमच्या कॉलनीमागे एक खासगी क्रीडासंकुल आहे. तिथल्या पोहण्याच्या तलावावर त्या मदतनीस आहेत. कपडे बदलायच्या खोल्या झाडायच्या, किल्ल्या सांभाळायच्या आणि बायकांच्या तासाला दारावर बसायचं, एवढंच त्यांचं काम. पण अक्कांनी (लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणतात) तिथे अख्खा संसार मांडलाय. सकाळी आल्या आल्या, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं त्या तलावात कोपर बुडवून बघतात आणि 'आज पानी रुसेल शे' किंवा 'आज बरं शे' असा निकाल देतात. येणारा डॉक्टर असो की वकील, त्याने चपला ओळीत लावायच्या, पाय धुवायचे आणि मगच पुढे सरकायचं. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस आणि पट्टी बिचारे एका कोपऱ्यात अंग चोरून असतात, बाकी सगळी जागा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची आणि ठेच्याची. कुणी हरकत घेतली तर म्हणतात, "पोहीसन येल मानूसले पहिलं दुखनं भूकनंच ऱ्हास."

आणि ती शिट्टी. गळ्यात काळी पोत आणि पोतीच्या शेजारी शिट्टी, दोन्ही सारख्याच निष्ठेने. घरी गेल्यावरही ती उतरत नाही. आबांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, जेवायला बोलवायचं तर एक शिट्टी, पंखा बंद करायचा असेल तर दोन. आबा आता इतके तयार झालेत की चौकात वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली तरी ते हात धुवायला नळ शोधतात.

अक्कांचा जीव मात्र दुपारच्या बायकांच्या तासात अडकलेला. बायका यायच्या, नाही असं नाही. पण काठावर बसून पाण्यात पाय सोडायचे, जगाची उणीदुणी काढायची आणि घरी जायचं, असा आमचा पोहण्याचा कार्यक्रम असे. प्रशिक्षक मॅडम सांगून सांगून थकल्या. शेवटी व्यवस्थापकांनी अक्कांना बोलावून घेतलं. "अक्का, पाय बुडवायला बादली पुरते. आखाजीच्या दिवशी येऊन बघतो. बायका पाण्यात नसल्या तर हा तास मुलांच्या शिबिराला देऊन टाकतो." त्या दिवशी अक्कांनी भाकरीची पेटी उघडलीसुद्धा नाही.

आता आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणीचा सण. ती माहेरी जाते, झोके घेते, आणि तिला कामाला लावायची कुणाची छाती होत नाही. तिला न्यायला माहेरचा मुराळी, बहुधा भाऊच, येतो, आणि मुराळ्याला रिकामं परत पाठवणं म्हणजे घराची नाचक्की. पण नोकऱ्यांपायी, मुलांपायी कॉलनीतल्या आम्हा कितीतरी जणींचं जाणं राहूनच जातं. माझं माहेरचं शिरपूरही असंच राहिलेलं. आखाजीच्या सकाळी दारात शिट्टी वाजली. पाहते तर संकुलाचा निळा गणवेश, हातात साखरेचा पुडा, आणि अक्का माझ्या सासूबाईंना सांगतायत, "लेकले लेवाले येल शे मी. सांजले सोडी दिसू."

सासूबाई नणंद-भावजयीच्या नात्याने अक्कांशी एरवी चार शब्द भांडून घेतात, पण मुराळ्यापुढे काय बोलणार? पलीकडच्या शबानाभाभींच्या सासूबाईंचा आखाजीशी काही संबंध नाही, तरी साखरेचा पुडा हातात पडल्यावर त्याही म्हणाल्या, "ले जाओ, बहन." दुपारी आमची वरातच तलावावर निघाली.

तलावाच्या उथळ बाजूला एक कडुलिंब आहे. त्याच्या फांदीला अक्कांनी झोका टाकला होता, आणि तो असा की पुढे जाईल तो थेट पाण्यावर. हे सुरक्षेच्या कोणत्या नियमात बसत होतं ते विचारू नका. पहिला मान माझा. तिसऱ्याच झोक्याला माझे हात सुटले आणि मी धबकन पाण्यात. कमरेएवढंच पाणी होतं. उठून उभी राहिले तेव्हा कळलं की मी हसतेय. मग शबानाभाभी, मग एकीमागून एक सगळ्याच. मॅडम आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या. कुणी गौराईची गाणी म्हणतंय, कुणी काठ धरून पाय झाडतंय.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बघू द्या मला, अक्का."

"मझार बठ्ठ्या बाया शेतस, साहेब," अक्कांनी आतल्या बाजूला बोट दाखवलं. "पुरुषांना प्रवेश नाही, हाई पाटी तुम्हीच लायेल शे."

"मग मला कळणार कसं?"

"आठे बठा," अक्कांनी दारातली खुर्ची पुढे केली. "केस दखा."

साहेब खुर्चीवर बसले. तास संपला आणि आम्ही त्यांच्यासमोरून एकेक जणी बाहेर आलो, वेण्यांतून पाणी गाळत. फरशीवर इतकं पाणी झालं की साहेबांनी आधी बूट उचलले, मग गुडघे. शेवटी म्हणाले, "पुरे, अक्का. हा तास तुमचाच." अक्कांनी अशी लांब शिट्टी मारली की घरी आबा नक्की पानावर बसले असतील.

साहेब गेल्यावर आम्ही सगळ्या पुन्हा आत. अक्का फरशी पुसायला लागलेल्या. शबानाभाभींनी सहज विचारलं, "अक्का, तुम्हें लेने कौन आता है?"

"भाऊ येत व्हता," अक्का फडकं पिळत म्हणाल्या. "तो गया नि माहेरना रस्ता बंद व्हई गया."

आम्ही त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "ड्यूटीवर शे मी," असं म्हणत असतानाच त्यांना झोक्यावर बसवलं. दोन झोके झाल्यावर अक्का गायला लागल्या. त्यांच्या आईचं गाणं होतं, आमच्यातल्या कुणी ते कधी ऐकलेलं नव्हतं. दोन ओळी म्हणून त्या थांबल्या. पुढची ओळ आठवेना. विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. आम्ही झोका देत राहिलो.