महेशचा इंटरव्ह्यू आणि खोत सर

दोन हजार पंचवीसचा एप्रिल, भर उन्हाळा. माझ्या मुलाला, महेशला, मोठ्या कंपनीत आयटी मॅनेजरची नोकरी लागली. तेव्हापासून आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत त्या इंटरव्ह्यूच्या किश्श्यांचा ढीग पडलाय. प्रत्येक किश्श्यात हिरो एकच. खोत! मुलगा माझा, आणि हिरो तळमजल्यावरचा खोत. म्हणून हे मीच लिहितो. शिक्षण सातवी, पण जे पाहिलं ते पाहिलं.

*

खोत कोण, ते आधी. अंधेरीच्या एका कंपनीत मी शिपाई होतो. साहेबाच्या केबिनबाहेर माझं स्टूल. एके दिवशी खोत तिथे इंटरव्ह्यूला आला. शर्टाला कडक इस्त्री, आणि डाव्या बुटाचा तळ सुटून लोंबतोय! मी माझे युनिफॉर्मचे बूट काढून दिले. अर्धा तास पाय स्टुलाखाली ओढून बसलो.

खोत सिलेक्ट झाला. बूट परत केले आणि निघून गेला. पहिल्या तारखेला कामावर आला आणि बेल वाजवली.

"परब, चहा!"

पुढची अठ्ठावीस वर्षं तेच. थँक्यू राहूनच गेलं.

*

महेशची जुनी कंपनी जूनमध्ये इथलं ऑफिस बंद करणार होती. वय बेचाळीस, पदरात दोन मुली. तो सल्ल्याला गेला थेट खोताकडे. बाप घरात बसलेला असताना!

"बाबा, काकांनी किती लोकांचे इंटरव्ह्यू घेतलेत."

"आणि त्या लोकांना पाणी कोणी दिलं?" मी विचारलं.

आठवड्याभरात खोतकाकांचे "खोत सर" झाले.

*

रोज संध्याकाळी खोताच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. मी सोफ्यावर. खोताने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

महेश इंग्रजीत तीन मिनिटं बोलला.

"एक्सलंट!" खोत म्हणाला.

मला राहवलं नाही. "पाच वर्षांनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला. हा कांदिवलीला भाड्याने."

"परब, तू पॅनेलवर नाहीस."

त्या दिवसापासून माझी खुर्ची दाराबाहेर. पुन्हा!

*

स्वतःचा दोष कोणता, असं विचारतात म्हणे. खोताने उत्तर पाठ करून घेतलं, "मी कामात फार बुडून जातो." महेश घरभर तेच घोकत फिरत होता.

आमची बायको मालवणची. भाकरी थापता थापता म्हणाली, "कामात बुडता? सकाळी स्वतःचा अंथरूण तरी उचलता काय ह्यो?"

*

दुसरी फेरी ऑनलाइन, आमच्या घरून. खोताने हुकूम सोडला, "परब, बंदोबस्त तुझ्याकडे." सोळा घरांच्या बेल वाजवून मी सांगितलं, अकरा ते बारा कुकर लावायचा नाही. सगळ्यांनी ऐकलं.

अकरा वीसला तीन शिट्ट्या. खोताच्या किचनमधून! मी धावत खाली गेलो. खोतवहिनी शांतपणे म्हणाल्या, "हे म्हणाले, नियम बाकीच्यांना."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण महेश पास झाला. खोली उघडून बाहेर आला, जिने उतरला आणि खोताच्या पाया पडला. मी वरच्या पायरीवर उभा होतो, हातात सोळा घरांची यादी.

*

शेवटची फेरी अंधेरीला, समोरासमोर. लॉकडाऊनपासून महेशचं काम घरूनच, बूट खोक्यात पडून. सकाळी घातले, गेटपर्यंत आला आणि डाव्या बुटाचा तळ खारी बिस्किटासारखा चुरा होऊन फरशीवर पडला. बाहेर रिक्षा थांबलेली. दुकानं उघडायला तास. माझ्या पायात रबरी चप्पल.

गेटजवळच्या बाकावर खोत बसला होता. दूध आणायलाही पॉलिशचे बूट घालून जाणारा माणूस. त्याने महेशचा पाय पाहिला. मग वाकून नाड्या सोडायला लागला.

"सर, तुम्ही कशाला..."

"आठ नंबर. घाल आणि पळ!"

रिक्षा गेली. खोताने पाय बाकाखाली ओढून घेतले. मी शेजारी बसलो.

"परब, चहा?" खोत म्हणाला.

आणि तसाच अनवाणी टपरीवर जाऊन दोन कटिंग घेऊन आला.