ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत

या, जवळ बसा. अहो तिथे नका उभे राहू, त्या कपड्यांच्या दोरीसमोर! बाजूला व्हा आधी. एवढे मोठे झालात तरी सांगावं लागतं... आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही आमच्या घरी बसून वाचतोय, तुमची दोरी कुठे नि आम्ही कुठे. खरंय. पण मला समोर माणूस बसवल्याशिवाय लिहिता येत नाही. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं सगळं शेजारणींकडून पुस्तकं मागून मागून वाचलं. म्हणून लिहिते तेही बोलल्यासारखंच. सांभाळून घ्या. दोरीचं काय ते पुढे कळेल.

एक आधीच सांगते. या सदरात चकवा, हडळ, पिंपळ असलं वाचलं की मी हसायचे. सासूबाईंनी एकदा घरावरून उतरवून ठेवलेल्या लिंबाचं मी सरबत करून प्यायले होते. काही झालं नाही. चांगलं गोड झालं होतं. तर मी तसली बाई. तरीही लिहिते आहे, कारण आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यापासून एक प्रश्न पडून आहे आणि तो माझ्याच्याने उचलला जात नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले, साक्रीकडचे. लग्न झालं आणि हे मला सिल्वासाला घेऊन आले. आता डोकमर्डीला फ्लॅट आहे, तेव्हा पत्र्याची खोली होती. हे पट्टे विणणाऱ्या कारखान्यात होते. क्रेनने जड मशीन उचलताना खाली जो रुंद पट्टा घालतात ना, तो. यांचं काम पट्टा मशीनला लावून ताणून बघायचं. टिकला तर पास. तुटला तर नापास. आणि तुटला नाही पण ताणला, लांबला, तरी नापास! "जो पट्टा लांबला तो खोटा," हे यांचं ठरलेलं वाक्य. उचललेला माल हवेत झोके घेऊ लागला तर खालची माणसं मरतील, म्हणून.

दुसरं म्हणजे, ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत कुणाला उभं राहू द्यायचे नाहीत. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही, म्हणून आधी दोन कडक टाळ्या वाजवायचे आणि मग ओरडायचे, "बाजूले सरक!" कारखान्यात सगळे गुजराती-हिंदी बोलायचे, पण हे ओरडायचे ते आपल्या अहिराणीतच. ती सवय घरी आली. मी कपड्यांच्या दोरीच्या टोकाशी उभी दिसले की दोन टाळ्या. "बाजूले सरक ना माय!" मी म्हणायचे, "अहो, ओल्या लुगड्याने कुणी मरतं का?" हसायचे नाहीत. या एका गोष्टीत कधीच हसले नाहीत.

निलेशच्या, म्हणजे मुलाच्या लग्नाआधी हे गेले. न्यूमोनियाने. सूनबाई अमृताने त्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे. ती साताऱ्याची. अहिराणीतलं तिला ओ की ठो कळत नाही.

आता गाडीचं. निलेश आणि त्याचा मित्र महेश, दोघांनी लडाखला जायचं ठरवलं. आपापल्या जीप घेऊन, वाटेत तंबूत राहत. महेश नाशिकचा, निलेशच्याच कंपनीत इंजिनियर, आईला एकुलता एक. आमच्याकडे जेवायला असायचाच. मला काकू म्हणायचा आणि माझ्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीला नावं ठेवत चार खायचा.

काय ते सामान आलं घरात! गाडीच्या टपावर उघडणारा तंबू, हवा भरायचं यंत्र, चाकाखाली घालायच्या जाड प्लास्टिकच्या फळ्या, जॅक, पाण्याचे कॅन. पार्किंगमध्ये नुसता बाजार मांडलेला. दोघं म्हणाले, प्रत्येक वस्तू तपासूनच न्यायची. मग मीही लागले कामाला. तंबूवर गॅलरीतून बादल्या ओतल्या, तर कोपऱ्यातून गळला. कॅन उलटा करून पेपरवर ठेवला, सकाळी पेपर ओला. गॅसच्या छोट्या चुलीवर खिचडी टाकली, तर चूल वाऱ्याने तीनदा विझली.

"काकू, तुम्हीच चला आमच्याबरोबर," महेश म्हणाला. "क्वालिटी डिपार्टमेंट."

"मी आले तर तू तंबूबाहेर झोपशील," मी म्हणाले.

मग आला तो पट्टा. चिखलात रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढायचा. निलेशने एक टोक खांबाला बांधलं, दोघं लोंबकळले, तर तो रबरासारखा लांबला! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसायलाच लागले.

"अरे, हा तर पहिल्याच ताणात नापास," निलेश म्हणाला. "बाबा असते तर फेकून दिला असता."

"परत पाठव," महेश म्हणाला. "आपल्या सिल्वासात पट्टे काय कमी आहेत?"

कमी नाहीतच. इथे कुणाच्याही घरी बघा, कारखान्यातला एखादा तुकडा पाण्याच्या टाकीला नाहीतर पाळण्याला बांधलेला असतोच. आमच्या माळ्यावर गोधड्यांच्या गाठोड्याला यांनी स्वतः तपासलेला एक पट्टा होता, दोन्ही टोकांना फास शिवलेला. निलेशने तो काढला, ओढून बघितला. सूतभर लांबला नाही. त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता... मलाही बरंच वाटलं. बापाचा हात लागलेली वस्तू मुलाबरोबर लडाखला जाणार.

मे महिना होता. मधुबन धरणाचं पाणी उतरलेलं, दुधनी गावाच्या काठाशी नुसता गाळ. वरून भेगा पडलेला, आतून लोण्यासारखा. रविवारी दुपारची जेवणं करून आम्ही तिथे गेलो. मला त्यांनी पळसाखाली खुर्ची टाकून बसवलं. महेशने आपली जीप मुद्दाम गाळात घातली आणि चारही चाकं रुतवली. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून तो उतरला. निलेशची जीप पुढे कडक जमिनीवर, तिच्या मागच्या नव्या बंपरच्या हुकाला पट्टा. हा बंपर निलेशनेच पसंत करून बसवून घेतलेला, दिसायला मोठा भक्कम. पट्ट्याचं दुसरं टोक महेशच्या जीपला. निलेश गाडीत बसला. थोडा धावत जाऊन झटका द्यायचा, असं त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं.

आणि महेश आपल्या जीपच्या पुढ्यातच, पट्ट्याच्या बाजूला उभा राहिला. का? तर त्याची सवय. कारखान्यात क्रेनला हाताने इशारे करायचं काम तोच करायचा, आणि इशारे करणाऱ्याने चालवणाऱ्याला दिसेल असंच उभं राहायचं असतं. निलेशला आरशात दिसावा म्हणून तो तिथे. त्याला अगदी खेटून अमृता, मोबाईलवर शूटिंग करत.

मग मी पाहिलं, की अमृता एकदम दचकली, मागे वळली आणि भराभर चालत माझ्याकडे आली. शूटिंग चालूच होतं. माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली आणि मोबाईल पुन्हा महेशकडे धरला. "काय गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही आई, ते काका ओरडले." मी म्हटलं, कोण काका? तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला.

पुढचं मी फार लिहिणार नाही. बंदुकीसारखा आवाज झाला. निलेशच्या बंपरचा हुक मुळासकट उपटला आणि पट्ट्याबरोबर मागे आला. महेशच्या छातीवर. अमृता उभी होती ती जागाही त्याच रेषेत होती. गावातली माणसं धावत आली, गाडीत घातला त्याला, पण खानवेलचा दवाखाना यायच्या आधीच... माझ्याच मांडीवर डोकं होतं त्याचं.

पोलीस झाले, पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. नंतर निलेशनेच कुठून कुठून वाचून काढलं. चिखलातली गाडी झटक्याने ओढायची तर पट्टा लांबणाराच हवा, झटका तो पोटात घेतो. न लांबणारा पट्टा सगळा झटका हुकावर टाकतो. म्हणजे जो आम्ही हसून परत पाठवला, तोच बरोबर होता. माल उचलणाऱ्या गावातली माणसं आम्ही. लांबणारा पट्टा खोटा, हे आमच्या रक्तात. यांचा पट्टा मी नंतर हातात घेऊन पाहिला. एक धागा तुटला नव्हता.

काही दिवसांनी अमृताने भाजी निवडता निवडता मला विचारलं, "आई, दुधनीकडचे लोक 'बाजूले' म्हणतात का?"

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. "का गं?"

"त्या दिवशी मागून कुणीतरी जोरात दोन टाळ्या वाजवल्या आणि म्हणालं, 'बाजूले सरक ना माय.' म्हातारा आवाज होता. मला वाटलं मासे धरणारे कुणी असतील. एवढं रागावून बोलले की मी निघालेच. वळून बघितलं तर कुणी नव्हतं, पण तेव्हा मी लक्ष दिलं नाही."

टाळ्यांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं काय? निलेशला विचारलं, त्यानेही नाही. तरी मी मनाला समजावलं, सिल्वासात निम्मा खानदेश भरलाय, सुट्टीचा कुणीही दुधनीला फिरायला आला असेल. असेलही. पण पळसाखालून मला सगळा काठ उघडा दिसत होता. आम्ही चौघं सोडून तिथे माणूस नव्हता. गावातले धावत आले ते वरच्या रस्त्यावरून.

मग तो व्हिडिओ पाहिला. पोलिसांनी मोबाईल परत दिल्यावर अमृता आणि मी, दोघींनीच. टाळ्या त्यात ऐकू येत नाहीत, नुसतं इंजिन. पण चित्र माझ्या खुर्चीपाशी स्थिर झाल्यावर महेश स्पष्ट दिसतो. तो डावीकडे मान वळवतो. तिकडे काही नाही, भेगाळलेला गाळ आणि मागे पाणी. महेश हसतो. मोठ्या माणसाने टोकलं की हसायचा तसा. हात वर करतो आणि ओठ हलतात. आवाज येत नाही पण काय म्हणाला ते कुणालाही कळेल. "हो काका, झालंच." आणि एक पाऊल बाजूला टाकतो. खरंच टाकतो हो. एकच. त्या एका पावलाने भागलं नाही.

महेशच्या आई दिवसकार्यानंतर नाशिकहून आल्या. म्हणाल्या, मला तो व्हिडिओ बघायचाय. नको म्हटलं तरी ऐकेनात. शेवटचा आवाज व्हायच्या आत अमृताने थांबवला. त्यांनी स्क्रीनवरच्या त्या हसऱ्या तोंडावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, "ताई, माझा महेश कुणाशी बोलतोय?"

भिंतीवर यांचा फोटो होता. हार घातलेला. मी तिकडे बघितलं नाही. म्हणाले, "मला माहीत नाही हो."

आणि खरंच माहीत नाही. इतकी वर्षं संसार केला, तो आवाज मला हजारांत ओळखू आला असता. पण मला ऐकू आला नाही. त्याच काठावर बसले होते मी.

हे सगळं निलेशला कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण पातळ भिंतींच्या घरात काय लपतं? एक दिवस जेवताना त्याने घास खाली ठेवला.

"बाबांनी अमृताला सांगितलं. महेशला सांगितलं. ॲक्सिलरेटरवर पाय माझा होता, आई. मला का नाही सांगितलं?"

मी म्हणाले, "काच बंद होती बाळा. इंजिन चालू होतं."

"काच उघडी होती," तो म्हणाला.

तेव्हापासून तो गाडीला हात लावत नाही. कंपनीच्या बसने जातो, येतो, खोलीत बसतो. जीप खाली ताडपत्रीखाली उभी आहे, टपावर तो गळका तंबू तसाच. यांचा पट्टा मी फेकला नाही नि वापरलाही नाही. गोधड्यांच्या गाठोड्याला आता सुती दोरी बांधली आहे.

तुम्ही हुशार माणसं, तुम्हाला उलगडा झाला तर मला कळवा. भास म्हणा, योगायोग म्हणा, मी भांडणार नाही. मी अजूनही लिंबाचं सरबत करून पिणारीच बाई आहे. पण त्या पोराच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुझी चूक नव्हती, हे मी सांगितलेलं त्याला खरं वाटत नाही, कारण मी आई आहे.

म्हणून म्हणते, तुमच्यात कुणी गाडीवाले असाल, कुणाच्या हातून असं काही घडलं असेल आणि तरी पुन्हा स्टिअरिंग धरलं असेल, तर या ना आमच्याकडे. डोकमर्डीत शिरलात की ताडपत्री घातलेली जीप विचारा, कुणीही घर दाखवेल. कळण्याची भाकरी करते, ठेचा करते. त्याच्यापाशी थोडं बसा, नुसते बसलात तरी चालेल. पावसाळा लागायच्या आत या. आणि गॅलरीत आलात तर दोरीसमोर उभे राहू नका हं.