दुसऱ्याच्या कानाचं बटण

राजकुंवरबाईंना जुन्या गाण्यांचे मुखडे सगळे पाठ. अंतरा मात्र एकही धड येत नाही. त्याचं असं झालं, जळगावात नवऱ्याचं, भिकमचंदशेटचं, भांड्यांचं दुकान खाली, घर वर, आणि रेडिओ दुकानात. गाणं लागलं की वर पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा हात हलका व्हायचा. तेवढ्यात नशिराबादचं कुणीतरी लग्नाची भांडी बघायला यायचं आणि शेट आवाज बारीक करायचे. आता गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढे कोण बोलणार? पण ती गेल्यावर जिन्याशी येऊन "जरा मोठा करा" म्हणायला काय झालं होतं? पण कधी म्हणाल्या नाहीत. सासू-सासऱ्यांच्या देखत नवऱ्याशेजारी बसायचीही चोरी, मागणं कुठलं करताय. पुढे सासू-सासरे गेले, रेडिओ गेला, खोड तेवढी राहिली. आजही जेवताना पाणी हवं असलं तर स्वतः उठतील. मनात मात्र एकच हौस धरून बसलेल्या, यांच्या शेजारी बसून एक गाणं अख्खं ऐकायचं. फार वाटायचं हो त्यांना.

नात पलक डिझाइन शिकते. दिवाळीला आली ती कॉलेजसाठी केलेला हेडफोन घेऊन. एक वायर, दोन टोकांना दोघांचे हेडफोन.

"दादी, गाणं दोघांना एकच. पण तुझं बटण दादाजींच्या कानातला आवाज कमी-जास्त करणार, त्यांचं बटण तुझ्या कानातला. हवं असेल तर मागायचं."

"आणि नाही मागितलं तर?"

"मग ऐक बारीक. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

पोरीने दोघांना दिवाणावर बसवलं. "या वयात हे काय सोंग," म्हणत शेट बसले एकदाचे. गाणं लागलं. यांना ऐकू कमी येतं म्हणून बाईंनी आपलं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. शेट खूश. डोळे मिटून मान डोलवू लागले. आपल्या बटणाला त्यांनी बोटही लावलं नाही. बाईंच्या कानात गाणं कुठूनतरी लांबून आल्यासारखं. मुखडा ओळखीचा, तो लागला. पुढचं काही केल्या कळेना. शेजारी बसूनसुद्धा गाणं आपलं खालच्या मजल्यावरच.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा मोठा करा ना."

उभ्या जन्मात पहिल्यांदा मागितलं, आणि यांना ऐकू जाईल तर शपथ. त्यांचे कान गाण्याने भरून टाकले होते ते बाईंनीच.

पलक उठायला लागली. बाईंनी तिला हातानेच थांबवलं. मग आपलं बटण उलटं फिरवलं, अगदी टोकापर्यंत. शेटांनी डोळे उघडले.

"का गं, बंद पडलं?"

"पडलं नाही. मी केलं," राजकुंवरबाई म्हणाल्या. "आधी माझा मोठा करा."