रुपीबाईच्या मक्यातला भोंगा

संघदीप मुनेश्वर हा महागाव तालुक्यातला पीक सल्लागार. शेतकऱ्यांनी काय पेरावं, केव्हा पेरावं, किती खोल पेरावं हे सांगण्याचा त्याला पगार मिळतो. शेतकऱ्यांना ते ऐकण्याचा मिळत नाही, एवढीच काय ती ह्या धंद्यातली अडचण.

लोक त्याच्याकडे येत नाहीत असं मुळीच नाही. येतात, आदरानं येतात, चहा पाजतात. फक्त पेरून झाल्यावर येतात. "साहेब, हे बियाणं कसं हाय?" असं विचारतात तेव्हा बियाणं जमिनीत असतं आणि हातात रिकामी बॅग. बॅग निवडायची रीतही ठरलेली. शेजाऱ्याच्या अंगणात काय उतरलं ते बघायचं आणि तेच आणायचं. शेजारी तोवर ह्यांच्या अंगणात डोकावून गेलेला असतो. संघदीप घसा कोरडा करून सांगतो, घरचं सोयाबीन ओल्या गोणपाटात गुंडाळून आधी उगवण तपासा, जमिनीत पुरती ओल होऊ द्या, बी दोन बोटांच्या खाली टाकू नका. लोक "बराबर हाय साहेब" म्हणतात आणि बी पाताळात पोचवून मोकळे होतात. मग उगवलं नाही की त्यालाच फोन.

सोयाबीनवर त्याचा राग नव्हता. गुणाचं पीक आहे हे तो मान्य करी. लवकर येतं, हरभऱ्याला रान मोकळं करून देतं. पण दर सणाला बोलावलेला जावई शेवटी घरीच मुक्काम ठोकतो, तसं सोयाबीननं ह्या तालुक्यात केलं होतं. त्याच वावरात दरवर्षी तेच. मग पानं पिवळी पडतात, खोडात माशी शिरते, आणि काढणीच्या ऐन वेळी पाऊस येऊन शेंगेतच कोंब फुटतात. थोडं रान मक्याला द्या, त्यानं पुढचं सोयाबीनही सुधारेल, एवढंच त्याचं मागणं. लोक हसून विचारत, "कायले? डुकरायले पोसाले?"

त्यांचंही खोटं नव्हतं. जंगल जवळ, रानडुकरं उदंड, आणि मक्याचं दुधावर आलेलं कणीस त्यांना लग्नाच्या पंगतीसारखं.

एकटी रुपीबाई राठोड तयार झाली. खडकाळी तांड्यावरची ही म्हातारी. तांड्यात सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. संघदीपही तेच म्हणे. नाल्याकाठचं अख्खं वावर तिनं मक्याला दिलं आणि बजावलं, "तुह्या शब्दावर लावून राह्यली. डुक्करं आले तं तुलेच राखाले उभं करीन."

संघदीप हसून हो म्हणाला. पण नाल्याच्या पलीकडे गाव होतं, गावातले लोक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून हा मका मोजूनमापून बघत होते, हे त्याला ठाऊक होतं. मका घरी आला तर पुढच्या साली दहा जण लावतील. डुकरांनी खाल्ला तर त्याच्या तोंडून मका हा शब्द पुन्हा कुणी ऐकून घेणार नव्हतं. म्हातारीचं वर्ष जाईल ते वेगळंच. ह्या विचारात तो जेवताना भाजीवर दोनदा मीठ घेई. बायको ममता म्हणे, "एवढी काळजी तं लग्नात माह्या बापालेबी नव्हती."

मक्याच्या पोंग्यातली, म्हणजे कोवळ्या पानांच्या गाभ्यातली, अळी त्यानं स्वतः वाकून वाकून शोधली. मका डोक्यावर गेला, कणसं धरली. त्याच सुमारास तांड्यात त्यानं शेतकऱ्यांची बैठक घेतली. "नमस्कार शेतकरी बंधू आणि भगिनींनो" अशी छापील सुरुवात केली. पुढच्या रांगेत बसलेले पुंडलिकराव, गावातले मोठे शेतकरी आणि रुपीबाईच्या बांधाला लागून वावर असलेले तिचे धुरेकरी, मोबाइलवर सोयरीक जुळवत होते. जुळवून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "साहेब, सोयाबीन पिवळं काहून पडून राह्यलं?"

हेच तो गेला तासभर सांगत होता. संघदीपचं डोकं फिरलं. छापील मराठी कुठल्या कुठे गेली. "पिवळं नाई पडीन तं काय हिरवं राहीन? सोयाबीनवर सोयाबीन, सोयाबीनवर सोयाबीन! जमिनीले काई दम घेऊ देता का नाई?" असा तो जो सुटला, तो दम लागल्यावरच थांबला. लोक म्हणाले, "बराबर हाय साहेब," आणि चहा प्यायले.

रुपीबाई त्या दिवशी बाजारातून डुकरं हाकलायचा भोंगा घेऊन आली होती. बॅटरीवर चालणारा, आवाज भरून ठेवला की तोच तो परत परत ओरडणारा. मांडीवर ठेवून ती त्याच्या बटणांशी खेळत होती. नेमकं कोणतं बटण दाबलं ते तिलाही कळलं नाही. संध्याकाळी मक्यात नेऊन लावला, तर त्यातून साहेब ओरडायला लागले.

संघदीपला हे कळलं महागावच्या बाजारात. पुंडलिकरावांनी चार माणसांत हात जोडले, "या, डुक्करवाले साहेब!" सगळा चहाचा ठेला हसला. संघदीप तसाच गाडी मारत दिवेलागणीला नाल्याकाठी पोचला. मक्याच्या मधोमध त्याचाच आवाज बोंबलत होता, "जमिनीले काई दम घेऊ देता का नाई?" ऐकायला धुऱ्यावर बसलेल्या रुपीबाईशिवाय कुणी नव्हतं. स्वतःचा अपमान इतक्या स्पष्ट शब्दांत त्यानं कधी ऐकला नव्हता.

"याडी, बंद कर ते!"

"काहून? एक डुक्कर फिरकलं नाई. तांड्यातल्या पोरायनं कुत्र्याचा आवाज लावलता, फटाके फोडलते, कायी उपेग नाई झाला. तुलेच भेले."

"मले लाज वाटून राह्यली."

रुपीबाईला त्याची दया आली. त्यानं मोबाइलवरून वाघाची डरकाळी भोंग्यात भरून दिली, जुना आवाज पुसला, आणि निश्चिंत मनानं घरी गेला.

सकाळी येऊन बघतो तर नाल्याकडचा कोपरा आडवा. अर्धी खाल्लेली कणसं, चिखलात खुरं, आणि भोंगा इमानेइतबारे डरकाळ्या फोडतोय. रुपीबाई मक्याची पडलेली ताटं गोळा करत होती. ती चार शिव्या देती तर त्याला बरं वाटलं असतं. आपल्या इभ्रतीपायी म्हातारीचा मका गेला, ह्या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं भोंगा उचलला, बटण दाबलं आणि म्हणाला, "नमस्कार शेतकरी बंधू आणि..."

"असं बोलशीन तं थे खुर्ची मांगतीन," रुपीबाई म्हणाली.

पुन्हा केलं. घसा खरवडून ओरडला. पण तो आवाज बसस्टँडवर उसाचा रस विकणाऱ्यासारखा निघाला. माणसाला हुकमी राग येत नाही, हे त्याला त्या दिवशी समजलं. रुपीबाईनं थोडा विचार केला. मग धुऱ्यावर जाऊन पलीकडच्या वावरात फवारणी बघत उभ्या असलेल्या पुंडलिकरावांना हाक मारली.

पुंडलिकराव आले. आडवा मका बघितला. मान हलवली आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "मी तं आधीच सांगतलं होतं. आपलं सोयाबीनच बरं. पन साहेब, यंदाबी थे पिवळं काहून पडून राह्यलं हो?"

रुपीबाईनं हळूच बटण दाबलं.

"पुंडलिकराव!" संघदीप असा ओरडला की बाभळीवरचे बगळे उडाले. "पुंडलिकराव, तुमाले अक्कल कवा येईन? पुंडलिकराव, किती खेप सांगू? वावर बदला, पीक बदला! पुंडलिकराव, हाला इथून!"

पुंडलिकराव खरोखरच हलले. त्या संध्याकाळपासून डुकरंही फिरकली नाहीत.

मात्र नाल्याच्या पलीकडे गाव होतं आणि आवाज दोन्हीकडे जात होता. अंधार पडला की "पुंडलिकराव, तुमाले अक्कल कवा येईन?" सुरू. गावातल्या बाया त्यावर स्वयंपाकाची वेळ ओळखू लागल्या. शेवटी पुंडलिकरावांच्या बायको विमलताई स्वतः संघदीपच्या दारी आल्या. "साहेब, तुमचं सगळं बराबर हाय, मीबी त्यायले हेच सांगत आली. पन थे भोंगं बंद करा. जावई येऊन राह्यले."

"ताई, मका वाळेपर्यंत नाई जमणार."

"मंग आमीबी लावतो मका. आता तं बंद करा?"

जावयापुरता दोन दिवस बंद ठेवला. त्या दोन दिवसांत संघदीप आणि रुपीबाईनं आळीपाळीनं डबा वाजवला. कोपरा गेला तेवढा गेला, बाकीचा मका घरी आला, आणि तो उतरताना बघायला सगळा धुरा माणसांनी भरला होता.

पुढच्या साली पुंडलिकरावांनी खरंच निम्म्या वावरात मका लावला. संघदीपला विश्वास नव्हता. बायकोनं दिलेला शब्द आणि नवऱ्याची पेरणी ह्यांच्यात बरंच अंतर असतं. पण कणसं दुधावर आली तसा पुंडलिकरावांचाच फोन आला. नवा कोरा भोंगा घेऊन ते धुऱ्यावर वाट बघत होते.

"भरा साहेब. फक्त नाव माहं नका घेऊ, रुपीबाईचं घ्या. तिलेबी कळू द्या."

संघदीपनं भोंगा हातात घेतला. समोर पुंडलिकरावांचा मका, पलीकडे गेल्या साली मका होता तिथं रुपीबाईचं सोयाबीन, हिरवंगार, एक पान पिवळं नाही. त्यानं बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि राग काही केल्या येईना. पुन्हा प्रयत्न केला. हसूच फुटलं, डोळ्यांत पाणी आलं.

पुंडलिकराव घाबरले. "अहो साहेब, रागवा नं! असे हसत राह्यले तं डुक्करं पाव्हणे म्हणून येतीन. मी काई इचारू का? थांबा... साहेब, सोयाबीन पिवळं काहून पडते?"

"एकाच वावरात दरसाल तेच पेरलं का पडते, पुंडलिकराव," संघदीप डोळे पुसत म्हणाला.

"थे मले मालूम हाय हो!" पुंडलिकराव कातावले. "तुमी वरडा!"